कुणाच्या मानानं?

माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत बचत गटाची बैठक नुकतीच संपली होती. महिन्याचे हप्ते जमा झाले होते, इतिवृत्ताच्या वहीत सह्या-अंगठे झाले होते. बायका उठायच्या आत मी माझे कागद वाटले. ज्यांना वाचता येत होतं त्या स्वतः खुणा करत होत्या, बाकीच्यांना मी एकेक वाक्य वाचून दाखवत होते. समोर साठीच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना मी नववं वाक्य वाचून दाखवलं, “मी शांत आहे, सहजासहजी डगमगत नाही. हे तुम्हाला किती लागू पडतं, मावशी?”

त्यांनी पदर सावरला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, “कुणाच्या मानानं?”

मला उत्तर सुचेना. “म्हणजे असंच. एकूण,” मी म्हणाले.

“एकूण कसं सांगू? जावंच्या मानानं मी लई शांत. धाकल्या बहिणीच्या मानानं न्हाय.”

मी चार या आकड्याला गोल केला आणि दहाव्या वाक्याकडे वळले. चार म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही. मावशींना प्रश्न नीट कळला नाही, असं मी त्या रात्री टिपणवहीत लिहून ठेवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ते वाक्य वाचताना अजून लाज वाटते.

ही गोष्ट २००७ सालची. मी मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रबंधासाठी बचत गटातल्या बायकांच्या स्वभावगुणांचा अभ्यास करायचं ठरवलं होतं. कोण पुढे होऊन गटाची अध्यक्ष किंवा सचिव होते आणि कोण वर्षानुवर्षं मागच्या रांगेत बसते, याचा स्वभावाशी काही संबंध लागतो का, एवढा साधा प्रश्न होता. अडचण होती ती साधनाची. आमच्या विभागाच्या कपाटात व्यक्तिमत्त्वाच्या मोठ्या चाचण्या होत्या. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्क्रे यांची १९९२ची सुधारित चाचणी त्यातली सगळ्यांत मानाची, पण तिच्यात २४० विधानं. ती भरायला पाऊण तास तरी हवा. ज्या बाईला घरी जाऊन धार काढायची आहे, भाकरी थापायच्या आहेत, तिच्याकडे पाऊण तास मागणार कसा?

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तेव्हा एक शोधनिबंध हातात ठेवला. टेक्सास विद्यापीठातल्या सॅम्युएल गॉस्लिंग, पीटर रेंटफ्रो आणि विल्यम स्वॉन या तिघांनी २००३ साली दहा ओळींची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. भरायला जेमतेम मिनिटभर. मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे जे पाच मोठे पैलू मानतात, त्या प्रत्येकाला दोन ओळी: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा. दोनांपैकी एक ओळ सुलटी, एक उलटी. म्हणजे पहिल्या ओळीत ‘बोलकी’ असेल तर सहावीत ‘अबोल’. प्रत्येक ओळीपुढे एक ते सात आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे पुरतं पटतं. उलट्या ओळीचा आकडा आठातून वजा करायचा, सुलट्या ओळीच्या आकड्यात मिळवायचा आणि दोनानं भागायचं. झाला त्या पैलूचा गुण. पोस्टकार्डावर मावेल एवढी ही चाचणी बघून मला हर्ष झाला. वेळ असेल तर मोठीच चाचणी वापरावी, असं तिच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलं होतं. ते वाक्य मी वाचलं आणि ओलांडून पुढे गेले.

पहिलं काम भाषांतराचं. दहा ओळी म्हणजे एका दुपारचं काम, असं वाटलं होतं. तीन आठवडे लागले.

रीत अशी असते: एकानं इंग्रजीतून मराठी करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले तर भाषांतर ठीक. माझी मैत्रीण उलटं भाषांतर करत होती. दुसऱ्या ओळीतल्या ‘क्रिटिकल’साठी मी ‘चिकित्सक’ लिहिलं. तिच्याकडून तो शब्द ‘संशोधक वृत्तीची’ या अर्थानं परत आला! मूळ ओळ दुसऱ्याचे दोष काढणाऱ्या माणसाबद्दल, आणि आमच्याकडे चिकित्सक म्हटलं की कुणाला शाबासकी वाटते, कुणाला टोमणा. ‘कॉम्प्लेक्स’चं ‘गुंतागुंतीची’ केलं तर आई म्हणाली, “ही बाई आहे की लोकरीचा गुंडा?” सगळ्यांत दमवलं दहाव्या ओळीनं. रूढीनं चालणारी, कल्पकता नसलेली, असा मूळचा अर्थ. मी ‘परंपरेनं वागणारी’ असं लिहून चार बायकांना दाखवलं. चौघींनीही अभिमानानं सात सांगितले. मूळ ओळीत जे उणं होतं, ते माझ्या शब्दांत भूषण झालं होतं. शेवटी ‘चाकोरी सोडून काही सुचत नाही’ यावर थांबले. शिवाय मराठीत विशेषणाला लिंग चिकटलेलं. बोलका आणि बोलकी असे दोन छाप लागणार. माझं काम बायकांपुरतंच असल्यामुळे निदान तेवढं वाचलं.

या खटाटोपात एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. हे पाच पैलू प्रयोगशाळेत सापडलेले नाहीत. ते शब्दकोशातून आले आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजीचा मोठा कोश चाळून माणसामाणसांत फरक करणारे १७,९५३ शब्द वेगळे काढले. माणसांच्या वागण्यातला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा असतो, त्याला भाषा कधी ना कधी शब्द देतेच, हा त्यामागचा विचार. पुढच्या संशोधकांनी त्या शब्दांच्या याद्या छाटल्या, कोणते शब्द एकत्र पडतात ते गणितानं तपासलं, आणि काही दशकांनी पाच गठ्ठे उरले. मग मीही गंमत म्हणून एका वहीत मराठी शब्द लिहायला लागले. घुमा, भिडस्त, फटकळ, तिरसट, लाघवी, चिवट, हळवा, गबाळा, धांदरट, आतल्या गाठीचा, शिष्ट, कुचकट, दिलदार, चेंगट. दोन दिवसांत वही अर्धी भरली. ‘भिडस्त’ कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा, यावर मैत्रिणीशी वाद झाला. भिडस्त माणूस अबोल असेलच असं नाही, घाबरट असेलच असं नाही आणि नुसता सज्जनही नव्हे. त्याला नाही म्हणवत नाही, बस. माझ्या दहा ओळींत त्याला जागा नव्हती.

आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून दासबोध काढला, दुसऱ्या दशकातला पहिलाच समास उघडला आणि मूर्खाची लक्षणं मला वाचून दाखवू लागले. दर तीन-चार ओव्यांनी थांबायचे आणि म्हणायचे, “हे मला लागू नाही.” आजी आतून भांडी लावता लावता म्हणायची, “लागू आहे.” तो समास संपेपर्यंत आम्ही हसून हसून बेजार झालो. माणूस स्वतःबद्दल एक सांगतो आणि त्याच्याबरोबर पन्नास वर्षं काढलेलं माणूस दुसरंच सांगतं, हे माझ्या अभ्यासातलं पुढचं प्रकरण होतं. ते मला घरात आधी ऐकायला मिळालं.

दिवाळीनंतर मी गावं फिरायला लागले. सातारा स्टँडवरून दहिवडीची एसटी, तिथून मिळेल ती जीप, पुढे पायी. बैठका बहुतेक संध्याकाळी. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की एक ते सात आकड्यांत स्वतःला बसवणं ही शाळेत शिकलेल्या माणसाची सवय आहे. आम्ही गुणपत्रिकेत वाढलेले. ज्या बाईनं कधी गुणपत्रिका पाहिली नाही, ती एकतर ‘व्हय’ म्हणते किंवा ‘न्हाय’. मधलं काही नाही. मी पाटीवर सात पायऱ्यांचा जिना काढून पाहिला. एका आजींनी बराच वेळ जिन्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हे कशापायी? बारा आणे म्हन की.” चारही बाजूंनी हशा झाला, पण काम सोपं झालं. ज्यांना आकडा सुचत नव्हता, त्या ‘चार आणे’, ‘आठ आणे’, ‘सोळा आणे’ असं भराभर सांगायला लागल्या. ते आणे सातांत बसवणं ही माझी डोकेदुखी. मोजमापाच्या काटेकोरपणाच्या दृष्टीनं ते चुकीचंच होतं, आणि मॅडमनी त्यावरून माझी कानउघाडणीही केली.

दुसरी अडचण पुस्तकात वाचलेली होती. काही माणसं विचारेल त्याला हो म्हणतात. कधी समोरच्याला दुखवायचं नसतं, कधी प्रश्न संपवून उठायचं असतं. उलट्या ओळी ठेवायच्या त्या यासाठीच. बोलकी आणि अबोल या दोन्हींना कुणी सात दिले, तर समजायचं की खूण विचार करून केलेली नाही. अशी एक तरुण सून भेटली. दोन्हीकडे सात. मी शिकल्याप्रमाणे कागदावर कोपऱ्यात फुली मारणार होते, पण त्या दिवशी परतीच्या जीपला वेळ होता म्हणून सहज विचारलं, “अगं, पहिल्यात बोलकी म्हणालीस आणि आता अबोल म्हणतेस?”

“माहेरी बोलकी, ताई. हितं अबोल.”

तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की माझा पेन तसाच हातात राहिला. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली एक पुस्तक लिहून आमच्या शास्त्रात मोठी खळबळ उडवली होती. एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं सांगायला गेलं तर संबंध फार कमी भरतो, साधारण ०.३० च्या पलीकडे जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर दोन दशकं वाद झाला. एकेका प्रसंगाऐवजी पुष्कळ प्रसंगांची सरासरी घेतली तर स्वभावाचा धागा दिसतो, असं बाकीच्यांनी दाखवलं. परीक्षेत मी या वादावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. पण माहेर आणि सासर यांची सरासरी काढायची तर काय उत्तर येतं? तिच्या बाबतीत सात आणि एक मिळून चार. तीही चारावर, मावशीही चारावर. दोघींत साम्य असलंच तर माझ्या कागदापुरतं.

आणि सासूबाई शेजारी बसल्या असतील तर बोलायलाच नको. ‘मी लगेच चिडते’ या अर्थाच्या ओळीवर सून एक सांगायची आणि सासूबाई परस्पर दुरुस्ती करायच्या, “आवं, लई तापट हाय ती. सहा ल्ह्या.” चारचौघांत चांगलं दिसण्यासाठी माणूस उत्तरं गोड करतो, हे मोजण्यासाठी क्राउन आणि मार्लो यांनी १९६० साली ३३ विधानांची वेगळी चाचणीच बनवली आहे. आमच्या अंगणवाडीत ते काम सासूबाई फुकट करत होत्या.

कागद गोळा करून पुण्याला आले आणि संगणकाच्या खोलीत आकडे भरत बसले. एकाच पैलूच्या दोन ओळी एकमेकींशी जुळतात का, हे आधी बघायचं असतं. भरवशाची आणि निष्काळजी या ओळी बऱ्यापैकी उलटसुलट जुळल्या. काळजी करणारी आणि शांत याही. नव्या अनुभवांच्या दोन ओळी मात्र एकमेकींना ओळखसुद्धा दाखवेनात. ‘नवं काही करून बघायला आवडतं’ याला सहा देणारी बाई ‘चाकोरी सोडून काही सुचत नाही’ यालाही सहा देत होती. मला वाटलं, भाषांतर फसलं. मॅडम म्हणाल्या, “भाषांतर फसलं असेल. किंवा त्या बायकांच्या आयुष्यात या दोन गोष्टी एका रेषेची दोन टोकं नसतील.” अशा बाईनं गटाचं कर्ज काढून शेवयांचं यंत्र घेतलेलं असतं, आणि सणवार, सोवळंओवळं जिथल्या तिथं असतं. यात विसंगती मला दिसत होती, तिला नाही.

मॅडमचं बोलणं मला तेव्हा धीर देण्यासाठी म्हटलेलं वाटलं. २०१३ साली मायकेल गुर्व्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास वाचला, तेव्हा ते पुन्हा आठवलं. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शिकार आणि शेतीवर जगणाऱ्या समाजातल्या ६३२ प्रौढांना त्यांनी मोठी प्रश्नावली विचारली होती. पाच पैलू तिथं नीट उभेच राहिले नाहीत. मूळ दहा ओळी ज्यांच्यावर पारखल्या ते १,८१३ जण टेक्सास विद्यापीठाचे विद्यार्थी होते. ते चूक आहे असं नाही. पण टेक्सासच्या वर्गातून निघालेला कागद अंगणवाडीत पोचेपर्यंत कशाकशातून जातो, याचा मी विचार केला नव्हता.

आणि मावशींचा प्रश्न? तोही मला एका निबंधात छापलेला सापडला. स्टीव्हन हाइने आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं होतं, की अशा आकड्यांच्या प्रश्नावलीत प्रत्येक माणूस नकळत आपल्या आसपासच्या लोकांशी स्वतःला ताडून बघतो. जपानी माणूस इतर जपान्यांशी, कॅनडातला कॅनडातल्यांशी. म्हणून दोन समाजांचे गुण शेजारी ठेवले की जो फरक सगळ्यांना उघड दिसतो तोच आकड्यांतून नाहीसा होतो. मी सातासमुद्रापलीकडचा निबंध वाचून हे शिकले. मावशींनी ते आपल्या जावेचं उदाहरण देऊन सांगितलं होतं, तेही निबंध माझ्या हाती पडायच्या आधी.

प्रबंधाच्या त्या दिवसांत मी स्वतःही ती प्रश्नावली भरली होती, आणि गंमत म्हणून माझ्याबद्दलची एक प्रत आईला भरायला दिली. ‘पसारा करणारी, निष्काळजी’ या ओळीला मी माझ्यापुरते दोन दिले होते. आईनं सात दिले, आणि सातापुढे कागदावर जागा नाही म्हणून कुरकुर केली. माझ्या टेबलाकडे बघून मला गप्प बसावं लागलं. उलट ‘काळजी करणारी’ या ओळीला मी सहा दिले होते आणि आईनं दोन. “तू कसली काळजी करतेस? काळजी मी करते!” परीक्षेच्या आधी आठ-आठ रात्री मला झोप लागत नसे, हे तिला ठाऊक नव्हतं. मी ते कधी दिसू दिलं नव्हतं. पुढे सिमिन वझीर यांचा २०१० सालचा अभ्यास वाचनात आला. त्याचं सार असं, की आतली घालमेल माणूस स्वतःची स्वतः जास्त चांगली जाणतो. पण ज्या गुणांत मान-अपमान गुंतलेला असतो, तिथं दुसऱ्याचा निर्वाळा जास्त भरवशाचा. आमच्या स्वयंपाकघरातला निकाल तंतोतंत तोच होता.

इथपर्यंतचं सगळं हसत सांगता येतं. पुढचं सांगताना जीभ जरा अडखळते.

एम.ए. झाल्यावर मी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत मनुष्यबळ विभागात लागले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष मुख्यतः माझाच आहे. भरतीच्या मुलाखतींना वेळ फार जातो अशी तक्रार होती. नवी नोकरी, काहीतरी करून दाखवायची खुमखुमी. मी एक छोटी प्रश्नावली सुचवली. मुलाखतीच्या आधी उमेदवारानं दोन मिनिटांत भरायची, आम्ही गुण काढायचे. आलेखाचा रंगीत तक्ता मीच बनवला. वरिष्ठांना तो फारच आवडला. हळूहळू मुलाखतीच्या आधीचा कागद मुलाखतीच्या ऐवजी वापरला जाऊ लागला.

एकदा हिशेबनिसाच्या जागेसाठी परभणीकडचा एक मुलगा आला. बी.कॉम.ला उत्तम गुण, कपड्यांची घडी मोडलेली नाही, बोलणं मोजकं. त्यानं प्रामाणिकपणे बोलकेपणाला तीन आणि अबोलपणाला सहा दिले. गुण निघाला अडीच. तक्त्यात अडीच लाल रंगात यायचं. तो रंग मीच निवडला होता. त्याला आत बोलावलंच नाही. त्याच्यानंतर आलेल्याला अशा कागदांचा सराव असावा. चांगल्या ओळींना सात आणि वाईट ओळींना एक, अशी त्यानं सरळ उभी रांग मारली. तो हिरवा झाला.

मी साहेबांना सांगायला गेले. आकडे मांडले. म्हटलं, एका पैलूला दोनच ओळी आहेत; एका खुणेत एका घराचा फरक पडला तरी गुण अर्ध्यानं हलतो. मूळ दहा ओळींच्या कर्त्यांनी सहा आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांकडून पुन्हा भरून घेतलं, तेव्हा दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध सरासरी ०.७२ आला. सगळ्यांचा क्रम जसाच्या तसा राहिला असता तर तो एक आला असता. शेकडो माणसांची सरासरी काढताना हे चालून जातं, कारण एकाची चूक वर जाते, दुसऱ्याची खाली, आणि बेरजेत त्या बऱ्याचशा फिटतात. एकट्या माणसाची चूक फेडायला दुसरं कुणी नसतं. आणि मुळात हिशेब लिहायला बोलकेपणा लागतो कुठं?

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे तूच आणलंस ना?”

मी जागेवर येऊन बसले. त्या मुलाचा अर्ज बाजूला काढून पुन्हा पाठवता आला असता. मी पाठवला नाही. दहा ओळींच्या कागदावर मी स्वतःला ‘भरवशाची’ या ओळीला सहा दिले होते.

त्याच कंपनीत एकदा प्रशिक्षणाचा दिवस होता. बाहेरून आलेल्या बाईंनी सगळ्यांकडून चार-पाच प्रश्न सोडवून घेतले आणि प्रत्येकाला एक रंग देऊन त्या रंगाच्या स्वभावाचं पत्रक दिलं. जेवणाच्या सुट्टीत जो तो पत्रक वाचून म्हणत होता, “अरे, अगदी मीच!” मला बर्ट्रम फोरर आठवले. १९४८ साली त्यांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला स्वभाववर्णनाचा कागद दिला. हे वर्णन तुम्हाला कितपत लागू आहे, याला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातली वाक्यं फोरर यांनी भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. मी माझं पत्रक शेजारच्याच्या पत्रकाशी बदलून घेतलं. त्याला काही कळलं नाही. तोही म्हणाला, अगदी मीच.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली आणि शिकवायला लागले. आता दरवर्षी पदवीच्या मुलांकडून छोटी प्रश्नावली प्रात्यक्षिकाला भरून घेते. कारण हे साधन मला टाकाऊ वाटत नाही. त्याची मर्यादा ध्यानात ठेवून वापरलं तर ते कामाचं आहे. मोठ्या पाहणीत, जिथं शंभर इतर प्रश्न विचारायचे असतात आणि माणसांच्या समूहाबद्दल बोलायचं असतं, तिथं दहा ओळी काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बऱ्या. माणसाला स्वतःबद्दल बोलतं करायलाही त्यांच्यासारखी सोपी चावी नाही. मुलं कागद भरतात आणि मग तासभर भांडतात, ते भांडण मला हवं असतं.

मीही २०२१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, तीच मराठी प्रत पुन्हा भरली. शिस्तीचा गुण वर गेला, काळजीचा थोडा उतरला. वय वाढतं तशी माणसं सरासरीनं जास्त जबाबदार आणि स्थिर होतात, असं ब्रेंट रॉबर्ट्स यांच्या गटानं २००६ साली ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून दाखवलं आहे. मला बरं वाटलं. मग आठवलं, की बावीस वर्षांची असताना मी स्वतःला मैत्रिणींशी ताडत होते आणि आता घरातल्या मुलाशी ताडते. त्याच्या खोलीच्या मानानं माझं टेबल म्हणजे देवघर.

माझ्या विद्यार्थ्यांच्या कागदात मी दोन बदल केले आहेत. प्रत्येक वाक्याखाली एक कोरी ओळ असते. तिथं कुणाच्या मानानं आणि कुठं, हे लिहायचं. आणि दुसरी प्रत घरच्या एखाद्या माणसाकडून भरून आणायची. गुण काढायचे, पण आधी त्या कोऱ्या ओळी वाचायच्या.

असा कागद तुमच्याही पुढे कधीतरी येईल. जरूर भरा, खरं भरा, दीड महिन्यानं पुन्हा भरून बघा, आणि एक प्रत अशा माणसाला द्या ज्याला तुमची भीड वाटत नाही. पण नोकरी देणारा किंवा सोयरीक जुळवणारा तेवढ्या दहा ओळींवर तुमचा निकाल लावू लागला, तर त्याच्याकडून तो कागद परत मागून घ्या.